छोट्या सिगारची पारख: पार्तागास शॉर्ट्सच्या निमित्ताने

पुण्याहून एका वाचकाने विचारले आहे: ‘भावाने परदेशातून पार्तागास शॉर्ट्सची पंचवीस सिगारची पेटी आणली. जुलैच्या अखेरीस त्यातील दोन सिगार ओढून पाहिले. दोन्हींची सुरुवात फार चांगली झाली, पण अर्ध्यावर येताच धूर तापला आणि तोंड कडू झाले. दोष सिगारचा, पेटीचा की माझा? एवढ्या लहान सिगारची चव नेमकी घ्यायची कशी आणि त्याला गुण कोणत्या आधारावर द्यायचे? मोठ्या सिगारइतके गुण त्याला मिळू शकतात का?’

आपल्या वर्णनावरून मला वाटते की दोष प्रामुख्याने ओढण्याच्या गतीचा आणि जुलैतील दमट हवेचा असावा. सिगारवर ठपका ठेवण्याइतका पुरावा अजून आपल्यापाशी नाही. छोट्या सिगारच्या परीक्षणात सर्वांत अवघड काम चव ओळखण्याचे नसून, जे जाणवले त्यातले पानाचे किती, वळणाऱ्या हाताचे किती आणि ओढणाऱ्याचे किती, हे वेगळे काढण्याचे असते. मोठ्या सिगारमध्ये या तिघांपैकी एकाची चूक झाली तरी सावरायला लांबी आणि जाडी असते; छोट्या सिगारमध्ये ती नसते. पुढे जे लिहिले आहे ते सारे या एका गोष्टीभोवती आहे.

माझे बालपण निपाणीत गेले. वडील तंबाखूच्या वखारीत मालाची प्रत पाहण्याचे काम करीत. पान दोन बोटांत धरून ते हलकेच चुरगळायचे, नाकाशी न्यायचे आणि मगच काही बोलायचे. तो बिडीचा तंबाखू, उन्हात वाळवलेला, त्यामुळे सिगारच्या पानाशी त्याचे नाते दूरचेच. पण पान हाताने आणि नाकाने आधी वाचायचे असते हे मी तेथे शिकलो. नंतरची वीस-बावीस वर्षे मी आखातात सिगारच्या व्यापारात काढली आणि त्यातील बराच काळ खरेदीपूर्वी नमुने ओढून नोंदी करण्यात गेला. त्या नोंदींत छोट्या सिगारबद्दलच्या माझ्या चुकाच अधिक आहेत, कारण सुरुवातीला मीही त्यांना मोठ्या सिगारसारखेच ओढत होतो.

आधी आपल्या हातातील वस्तूबद्दल थोडे. पार्तागास ही १८४५ साली हवानात हाइमे पार्तागास यांनी सुरू केलेली सिगारची छाप. तिच्यातील शॉर्ट्सची लांबी ११० मिलिमीटर आणि जाडी ४२ रिंग गेज. रिंग गेज म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, म्हणजे हा सिगार साधारण १६.७ मिलिमीटर व्यासाचा झाला. क्यूबाच्या कारखान्यांत या मापाला ‘मिनुतो’ म्हणतात. रामोन आयोनेसचा स्मॉल क्लब कोरोनास याच मापाचा आहे, तर मोन्तेक्रिस्तो क्रमांक ५ आणि कोहिबा सिग्लो १ हे त्याहून थोडे आखूड आणि बारीक, १०२ मिलिमीटर आणि ४० गेजचे. हे सगळे हाताने वळलेले, लांब पानांच्या भरणीचे सिगार आहेत. पत्र्याच्या चपट्या डबीत मिळणारे ‘मिनी’ किंवा ‘क्लब’ नावाचे सिगार यंत्राने, तुकडा तंबाखूपासून बनतात. त्यांच्यावर तीच नामांकित छाप असली तरी त्यांची पारख या पद्धतीने करू नये, कारण त्यांच्यात पाहण्यासारखी वळणीच नसते.

आता लहानपणामुळे सिगारच्या आत काय बदलते ते पाहू, कारण गुण देण्याचा आधार तेथेच आहे. सिगारला तीन अंगे असतात: वरचे रॅपर, त्याखाली भरणीला आवळून धरणारा बाइंडर आणि पोटातील फिलर. ४२ गेजच्या सिगारची तुलना रोबुस्तो नावाच्या ५० गेजच्या जाड मापाशी केली, तर त्याच्या पोटाचे क्षेत्रफळ रोबुस्तोच्या सुमारे ७० टक्केच भरते. परंतु पोटाच्या प्रमाणात वरच्या पानाचा वाटा सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. याचा अर्थ असा की बारीक सिगारमध्ये रॅपरचा आवाज मोठा असतो. क्यूबन रॅपर पिनार देल रियो प्रांतातील वुएल्ता आबाहो भागात कापडी छताखाली, सावलीत वाढवतात, त्यामुळे ते पातळ, रेशमी आणि कमी शिरांचे होते. ते उत्तम असेल तर छोटा सिगार सुरुवातीपासून गोडसर आणि सुगंधी लागतो, आणि त्यात कच्चेपणा असेल तर तो झाकायला पोटात पुरेसा तंबाखू नसतो.

पोटातील पानांचेही गणित बदलते. झाडाच्या खालच्या भागातील व्होलादो हे हलके पान जळण्यास मदत करते, मधले सेको सुगंध देते आणि वरचे, अधिक ऊन खाल्लेले लिगेरो जोर देते. लिगेरो जाड आणि तेलकट असल्यामुळे हळू जळते, म्हणून वळणारा त्याला मध्यभागी ठेवतो. बारीक पोटात त्यासाठी जागा थोडी असते. अर्धे पान जास्त पडले किंवा मधोमध न राहता एका बाजूला सरकले, तर जळण वाकडी होते आणि चवीत अचानक तिखट उसळी येते. म्हणून बारीक सिगारमध्ये दमदारपणा आणणे हे कौशल्याचे काम आहे, आणि पार्तागास शॉर्ट्सचे मला जे कौतुक वाटते ते यासाठीच: एवढ्या लहान अंगात या घराण्याचा मातकट, मिरीसारखा तिखट स्वभाव ओळखू येण्याइतका टिकून राहतो.

तिसरी गोष्ट आपल्या कडवटपणाशी थेट जोडलेली आहे. निखाऱ्यापासून ओठांपर्यंत धूर न जळलेल्या तंबाखूतून येतो. तेथे तो थंड होतो, त्यातील वाफ आणि डांबरसदृश जड द्रव्ये पानांवर साचतात, आणि तोंडात येतो तो निवलेला धूर. सिगार संपत येतो तसा हा निववणारा भाग आखूड होतो, शिवाय आधी साचलेली द्रव्ये निखारा जवळ येताच पुन्हा तापून धुरात मिसळतात. चर्चिल नावाच्या सात इंची लांब मापात हे दीड तासाने जाणवते. शॉर्ट्समध्ये अर्ध्यावर आपल्यापाशी साडेपाच सेंटिमीटर उरलेले असतात आणि तेथपर्यंत आपण पंधरा मिनिटांतच पोहोचता. मोठ्या सिगारला ज्या लयीत ओढतो तीच लय येथे ठेवली, तर दुसरा अर्धा भाग तापणारच. पानात कितीही गुण असले तरी तापलेला धूर सगळ्यांना एकाच कडू चवीत बुडवतो.

याच्या जोडीला जुलै. पुण्यात पावसाळ्यात घरातील सापेक्ष आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या वर जाते. लाकडी पेटी कपाटात ठेवली असेल तर सिगारने ती ओल पिऊन घेतलेली असणार, आणि बारीक सिगार जाड सिगारपेक्षा लवकर पितो. ओलसर सिगार नीट जळत नाही, विझू नये म्हणून माणूस नकळत जोरात आणि वारंवार ओढतो, त्याने निखारा तापतो, आतली ओल वाफ होऊन धुरात येते आणि जिभेला चटका बसल्यासारखे होते. म्हणजे दोष हवेचा, पण तो प्रकट होतो आपल्या ओढण्यातून. असे सिगार परीक्षणाला घेऊच नयेत.

छोट्या सिगारसाठी माझी पसंती ६२ ते ६५ टक्के आर्द्रतेला आणि १८ ते २० अंश सेल्सिअस तापमानाला आहे. ७० टक्क्यांचा जुना दंडक मोठ्या सिगारना कदाचित चालतो. शॉर्ट्सला तो मला दमट वाटतो. रबरी कडेचा, घट्ट बंद होणारा स्वयंपाकघरातला डबा आणि ६५ टक्क्यांचे आर्द्रता राखणारे पाकीट एवढे पुरेसे आहे. महागडा ह्युमिडॉर, म्हणजे सिगारसाठी आर्द्रता राखणारी खास पेटी, आपल्या पावसाळ्यात त्या डब्याइतका भरवशाचा नसतो, कारण त्याचे झाकण क्वचितच तितके घट्ट बसते. डब्यात ठेवायचा आर्द्रतामापक, म्हणजे हायग्रोमीटर, मात्र आधी तपासून घ्यावा. एका बाटलीच्या झाकणात साधे मीठ घेऊन त्यात चिखल होईल एवढेच पाणी घालावे, ते झाकण आणि हायग्रोमीटर एका बंद पिशवीत रात्रभर ठेवावेत. सकाळी काटा ७५ दाखवत असेल तर यंत्र बरोबर आहे, नसेल तर जो फरक पडतो तो कायम लक्षात ठेवावा. पंचवीस अंशांच्या आसपासच्या उबेत तंबाखूच्या किड्याची अंडी फुटू शकतात आणि रॅपरवर टाचणीने टोचल्यासारखी भोके दिसू लागतात. तशी शंका असेल तर पेटी दुहेरी बंद पिशवीत एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीझरमध्ये आणि पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये ठेवून मग बाहेर काढावी. थेट फ्रीझरमधून खोलीच्या उबेत आणले तर रॅपर तडकते.

पेटीच्या तळाशी उमटवलेला शिक्का पाहून ठेवा. त्यात कारखान्याचा सांकेतिक अक्षरसमूह आणि त्याखाली स्पॅनिश महिन्याची तीन अक्षरे व वर्ष असते. ‘एनेरो’ म्हणजे जानेवारी, ‘आगोस्तो’ म्हणजे ऑगस्ट. पेटी भरल्याला वर्षही झाले नसेल, तर पहिल्या काही झुरक्यांत नाकाला अमोनियाचा बारीक झोंबरा वास येण्याची शक्यता असते. तंबाखूची पाने ढिगात रचून आंबवताना नायट्रोजनयुक्त द्रव्यांचे विघटन होऊन अमोनिया बाहेर पडतो आणि तो पूर्ण निघून जायला वळल्यानंतरही वेळ लागतो. हा वास आला तर नोंद करावी, पण गुण कापू नयेत. पेटी बाजूला ठेवून सहा महिन्यांनी पुन्हा पाहावी.

आता प्रत्यक्ष चव घेण्याकडे येऊ. वेळ अशी निवडावी की पोट रिकामे नाही आणि तोंडात कशाचीही चव रेंगाळत नाही. आपल्या जेवणात लसूण, हिंग, मिरची असते आणि त्यांचा अंमल जिभेवर दोन-अडीच तास राहतो. मी सकाळी न्याहारीनंतर तासाभराने बसतो. न्याहारीत पोळी आणि दूध एवढेच. मसाल्याचा चहा, बडीशेप, पान यांपैकी काही नको. सोबत साधे, गार नसलेले पाणी. कॉफी आणि मद्य यांच्या संगतीने सिगार अधिक आवडतो हे खरे, पण तेव्हा आपण दोन वस्तूंची एकत्रित चव घेत असतो आणि गुण एकीला देतो. पंख्याखालीही बसू नये. वारा निखाऱ्याला एका बाजूने फुंकत राहतो आणि वाकड्या जळणीचा दोष वळणाऱ्याच्या माथी जातो.

पेटवण्याआधीची पाहणी बारीक सिगारमध्ये फार काही सांगून जाते, म्हणून तिला पाच मिनिटे द्यावीत. सिगार अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत हलकेच दाबत जावे. दाब सगळीकडे सारखा आणि किंचित उसळणारा हवा. एखाद्या ठिकाणी पोकळ लागले तर तेथे निखारा वेगाने आत घुसेल. गाठीसारखे टणक लागले तर तेथे ओढ अडेल, आणि शिरेचा तुकडा राहिला असेल तर तो बोटाला नेमका जाणवतो. रॅपरचा रंग कोणता यापेक्षा तो एकसारखा आहे का, कडेचा सांधा सपाट बसला आहे का आणि पानावर तेलाची मंद झाक आहे का, हे मी पाहतो. मग पेटवायच्या टोकाशी नाक नेऊन वास घ्यावा आणि त्यानंतर अंगावरून. दोन्ही वास वेगळे असतात, कारण एक फिलरचा आणि दुसरा रॅपरचा. शॉर्ट्सच्या टोकाशी मला बहुतेकदा कोरडी माती आणि किंचित कोको आढळतो, अंगावर जुन्या लाकडी कपाटाचा वास.

कापताना हात आखडता घ्यावा. ४२ गेजच्या सिगारची टोपी, म्हणजे ओठांकडचे बंद टोक, लहान असते. दीड मिलिमीटरपेक्षा खोल कापले तर रॅपर सुटू लागते. भोक पाडणारे पंच कटर येथे मी वापरत नाही, कारण लहान भोकातून धूर एकाच ठिकाणी दाटतो आणि जड द्रव्ये तेथेच साचतात. कापल्यावर न पेटवता दोन-तीनदा ओढून पाहावे. कागदी नळीतून पातळ ताक ओढताना लागतो तेवढा अडथळा जाणवला तर ओढ उत्तम. काहीच अडथळा नसेल तर भरणी कमी आहे आणि सिगार तापणार. गाल आत जात असतील तर तो तुंबलेला आहे. या शतकाच्या सुरुवातीपासून हवानाच्या कारखान्यांत रॅपर चढवण्याआधी जुडीची, म्हणजे बाइंडरने आवळलेल्या भरणीची, ओढ यंत्रावर तपासू लागले, तेव्हापासून तुंबलेले सिगार कमी झाले आहेत. पण बारीक मापांत ते अजून भेटतात, कारण फिलरचे एक पान जरी पिळले गेले तरी एवढ्या लहान पोटात वाट बंद होते.

पेटवण्यातच अनेकजण छोटा सिगार बिघडवतात. जेट लायटरच्या निळ्या ज्योतीने १६ मिलिमीटरचे टोक तीन सेकंदांत कोळशासारखे होते आणि ती करपट चव पुढचा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर सोडत नाही. रोबुस्तोमध्ये तेवढे वाया गेले तर हरकत नाही. शॉर्ट्समध्ये तो आपल्या हाती असलेल्या भागाचा मोठा हिस्सा आहे. लांब काडी किंवा साधी पिवळी ज्योत घ्यावी, टोक ज्योतीच्या वर धरून फिरवत कडा आधी लालसर कराव्यात, मग एक-दोन सौम्य झुरके घेऊन मध्य पेटवावा. काडीवरील गंधक जळून जाईपर्यंत थांबावे.

धूर छातीत घ्यायचा नाही, हे ठाऊक असले तरी त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. हवेत सावकाश वाळवलेल्या काळसर तंबाखूचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे त्यातील निकोटिन तोंडाच्या आतील त्वचेतूनच शोषले जाते. म्हणूनच सिगार छातीत न घेताही अंमल चढतो. आणि म्हणूनच, धूर आत घेत नाही म्हणून अपाय नाही, हा समज खोटा आहे: तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका सिगारनेही वाढतो. नमुने ओढण्याच्या व्यवसायात असूनही मी दिवसाला एकापेक्षा अधिक सिगार ओढत नाही आणि आठवड्यातील चार दिवस एकही नाही. दुसऱ्या सिगारपर्यंत जीभ बधिर झालेली असते, म्हणजे त्या नोंदीला व्यावसायिकदृष्ट्याही किंमत उरत नाही.

पुस्तकी रीतीप्रमाणे सिगारचे तीन भाग पाडून प्रत्येकाची वेगळी नोंद करतात. ११० मिलिमीटरच्या सिगारला ही रीत लावणे मला पटत नाही. त्यातील पहिले १० मिलिमीटर पेटवण्याच्या खुणांचे असतात, शेवटचे ३० मिलिमीटर परीक्षणासाठी निरुपयोगी. मध्ये उरतात ७०. त्यांचे मी दोनच भाग करतो, प्रत्येकी ३५ मिलिमीटरचे, आणि पेन्सिलने रॅपरवर नव्हे तर जवळच्या कागदावर सिगारची रेघ काढून त्या खुणा करून ठेवतो. पहिल्या भागात मिनिटाला एक झुरका, दोन सेकंदांचा, सौम्य. दुसऱ्या भागात मुद्दाम सव्वा ते दीड मिनिटाला एक. आपली स्वाभाविक प्रवृत्ती याच्या नेमकी उलट असते, चव रंगात आली की हात लवकर वर जातो. घड्याळ समोर ठेवूनच हे जमते; मला स्वतःला ते अंगवळणी पडायला दोन वर्षे लागली. या गतीने शॉर्ट्स पस्तीस ते चाळीस मिनिटे चालला पाहिजे. वीस मिनिटांत संपला असेल तर त्या दिवशीची नोंद बाद समजावी. सिगार बोटांना दुसऱ्या भागात गरम लागू लागला तर झुरका न घेता दोन मिनिटे ठेवून द्यावा, आणि मग एकदा अतिशय हलकेच उलट फुंकर मारून आत साचलेला शिळा धूर बाहेर काढावा.

धूर तोंडात तीन-चार सेकंद ठेवून जिभेवरून फिरवावा आणि सोडावा. चार-पाच झुरक्यांतून एकदा त्यातील थोडासा भाग नाकावाटे सोडावा, ज्याला रेट्रोहेल म्हणतात. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू अशा मोजक्या मूळ चवीच कळतात. बाकी जे आपण चव म्हणून सांगतो ते नाकाचे काम आहे. तोंडात नुसता ‘तंबाखू’ वाटणारा धूर नाकातून जाताना एकदम मिरी आणि सुके खोबरे होतो. नाकाला झोंबले तर घाबरून सोडून देऊ नये. धुराचा बहुतेक भाग आधी तोंडातून जाऊ द्यावा आणि शेवटचा अंश नाकाकडे न्यावा.

जे जाणवले ते लिहिताना परदेशी नोंदींतील शब्द उसने घेऊ नयेत, असा माझा आग्रह आहे. ज्याने कधी ओकच्या झाडाखाली पाऊल ठेवले नाही त्याने ओल्या ओकच्या सालीचा वास लिहिणे म्हणजे दुसऱ्याची आठवण आपल्या नावावर खपवणे होय. आपल्यापाशी स्वतःचा भरपूर साठा आहे. मंद आचेवर बेसन खमंग भाजत आल्याचा क्षण, गुऱ्हाळातली काकवी, भाजलेल्या शेंगदाण्याची टरफले, ओला आणि वाळला कडबा, तूप कढवताना तळाशी राहिलेली बेरी, चामड्याची नवी वहाण, पहिल्या सरीने भिजलेली माती, आणि मिरीतसुद्धा काळी, पांढरी असा भेद. माझ्या जुन्या नोंदींत शॉर्ट्सच्या पहिल्या भागापुढे ‘काळी मिरी, कोरडी माती, शेंगदाण्याचे टरफल’ असे आहे आणि दुसऱ्यापुढे ‘बेसन, कडसर कोको, ओठांवर किंचित मीठ’. हे शब्द वाचून मला तो सिगार वीस वर्षांनी पुन्हा आठवतो. नोंदीचा उपयोग तोच.

मात्र स्वादांची यादी जितकी लांब तितका सिगार चांगला, असे मानू नये. मी तीन गोष्टींना अधिक महत्त्व देतो. पहिली, तोल: तिखटपणा, गोडवा आणि कडवटपणा यांपैकी कोणी एकटाच सगळी जागा अडवतो का. दुसरी, स्वच्छपणा: झुरका सोडल्यावर अर्ध्या मिनिटाने तोंडात काय उरते. चांगल्या सिगारनंतर लाळ सुटते आणि सुका मेवा खाल्ल्यासारखी चव रेंगाळते. वाईटानंतर टाळू कोरडी पडते आणि जिभेच्या कडांना धातूसारखे लागते. तिसरी, वाटचाल, म्हणजे दुसऱ्या भागात पहिल्यापेक्षा काही वेगळे घडते का. छोट्या सिगारकडून येथे एकाच सावकाश वळणाची अपेक्षा ठेवावी. चर्चिलसारखी तीन-चार स्थित्यंतरे त्याच्याकडून मागणे अन्यायाचे आहे.

जळण आणि राख यांचे गुण मी काटेकोरपणे देतो, कारण तेथे वळणाऱ्याचा हात दिसतो. निखाऱ्याची कड दोन-तीन मिलिमीटर पुढे-मागे झाली आणि आपोआप सुधारली तर तक्रार नाही. ज्योतीने दोनदा सुधारावी लागली तर गुण जातात. मधला तंबाखू आत जळत गेला आणि रॅपर मागे राहिले तर भरणी सैल किंवा सिगार ओला होता. राख लांब टिकते ती लांब पानांमुळे, पण बारीक सिगारची राख दीड-दोन सेंटिमीटरवरच झाडून टाकावी; ती जपून ठेवण्याच्या नादात निखारा गुदमरतो. पांढरी राख म्हणजे श्रेष्ठ तंबाखू, हेही खरे नाही. राखेच्या रंगावर जमिनीतील मॅग्नेशियम, कॅल्शियमसारख्या खनिजांचा प्रभाव असतो, आणि क्यूबन सिगारची करडी राख पाहून निराश होण्याचे कारण नाही.

गुणांच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. शंभरपैकी गुण देण्याची पद्धत १९९०च्या दशकात अमेरिकी नियतकालिकांमुळे रूढ झाली आणि व्यापाराला ती सोयीची पडली. मीही ती वापरतो, परंतु एका सिगारवर कधीही आकडा लिहीत नाही. एकाच पेटीतील तीन सिगार, निदान एकेका आठवड्याच्या अंतराने, दिवसाच्या एकाच वेळी आणि एकाच गतीने ओढल्यावरच लिहितो. तिन्हींत एकसारखा आढळलेला गुण किंवा दोष पानाचा, एकातच आढळलेला वळणीचा, आणि तिन्हींत कडवटपणा एकाच जागी, अर्ध्यावर येत असेल तर आधी स्वतःच्या घड्याळाकडे पाहावे. शक्य असेल तेव्हा सिगारवरची छापेची कागदी पट्टी काढून, दुसऱ्या कोणाला तरी त्याच मापाचा वेगळा सिगार मिसळायला सांगून ओळख न ठेवता ओढावे. पार्तागासची लाल-सोनेरी पट्टी दिसली की मिरी आधी डोळ्यांना लागते, हे मी स्वतःवर अनेकदा पडताळले आहे.

छोट्या सिगारला मोठ्याइतके गुण मिळू शकतात, आणि मिळायला हवेत. शॉर्ट्सने तासाभराची मैफल देण्याचे वचन दिलेले नाही. पस्तीस मिनिटांत स्वच्छ, दमदार आणि न तापता शेवटपर्यंत जाण्याचे दिले आहे. ते त्याने पाळले तर त्याला ९० देताना माझा हात अडखळत नाही, आणि मी दिलेलेही आहेत. त्याउलट ‘लहान आहे, चालायचेच’ म्हणून तुंबलेली ओढ किंवा सैल भरणी माफ करणे मला मान्य नाही. लहान सिगार वळायला सोपा नसतो, म्हणूनच नीट वळलेला लहान सिगार मोलाचा असतो.

आपल्या पेटीत तेवीस सिगार उरले आहेत. त्यातील तीन आत्ताच वेगळे काढून एका रिकाम्या, कोरड्या लाकडी पेटीत ठेवण्याचा मोह होईल, पण पावसाळ्यात ती पेटीही ओलच देईल. सगळेच ६५ टक्क्यांच्या पाकिटासह बंद डब्यात ठेवावेत आणि दसऱ्यापर्यंत डबा उघडू नये. मोठ्या प्रमाणात पिऊन घेतलेली ओल सावकाशच निघते आणि तेवढे दोन-अडीच महिने तिला द्यावे लागतात. हवा कोरडी झाल्यावर पहिला काढावा, घड्याळ लावावे, कागदावर रेघ काढून दोन खुणा कराव्यात. शेवटच्या ३० मिलिमीटरपाशी आला की चव कितीही चांगली असली तरी खाली ठेवावा, चोळून विझवू नये. तो रक्षापात्रात एकटाच दोन-तीन मिनिटांत शांत होतो. त्या दोन-तीन मिनिटांत नोंद लिहून टाकावी, कारण तोंडात त्या वेळी जे उरलेले असते ते तासाभराने आठवत नाही.